छोट्या अक्षरांतली नावं

संगीत महोत्सवाचं पोस्टर आपण वरून खाली वाचतो. सगळ्यात वर ठळक अक्षरांत एकदोन नावं असतात आणि बहुतेकांनी तिकीट त्यांच्यासाठीच काढलेलं असतं. त्याखाली ओळीओळीनं अक्षरं बारीक होत जातात. तळाशी पंधरावीस नावं इतकी दाटीवाटीनं बसवलेली असतात की ती वाचायला पोस्टर डोळ्यांजवळ आणावं लागतं. ही उतरंड चित्रकाराच्या मर्जीनं ठरत नाही. कोणाचं नाव कितव्या ओळीत आणि केवढ्या आकारात येणार, यावर मोठ्या कलाकारांचे एजंट आणि आयोजक यांच्यात घासाघीस चालते आणि जे ठरेल ते करारात लिहिलं जातं. तळाच्या ओळीतल्या बँडच्या वतीनं भांडायला कोणी नसतं. त्यांच्या वाट्याला दुपारचं ऊन, छोटं स्टेज आणि जेमतेम अर्धापाऊण तास येतो.

नवं संगीत शोधायचं असेल, तर हा अर्धापाऊण तासच महोत्सवाचा गाभा आहे असं मी मानतो. वरच्या ओळीतला कलाकार आपल्याला आधीच माहीत असतो. त्याला प्रत्यक्ष ऐकण्याचा आनंद मोठा आहे, पण तो ओळखीच्या माणसाला भेटण्याचा आनंद आहे. ज्याचं नावही कधी ऐकलं नव्हतं अशा बँडच्या तिसऱ्या गाण्याला आपले पाय जागच्या जागी थांबतात, हा अनुभव वेगळा आणि तो दुपारीच मिळतो.

या छोट्या नावांपैकी बरीचशी 'इंडी' म्हणून ओळखली जातात. इंडी म्हणजे गाण्याची एखादी ठरावीक शैली नव्हे. मोठ्या कंपनीच्या पैशाशिवाय आणि हुकमाशिवाय, स्वतःच्या बळावर केलेलं संगीत, एवढीच तिची ओळख. इंग्लंडमध्ये या वाटेवरचा एक पहिला टप्पा म्हणून मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडचं नाव घेतात. 1977च्या जानेवारीत त्यांनी मित्रांकडून आणि घरच्यांकडून सुमारे 500 पौंड उसने घेऊन 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गाण्यांची रेकॉर्ड स्वतःच काढली. सुरुवातीला 1,000 प्रती छापल्या. त्या हातोहात संपल्या आणि पुढे हा आकडा 16,000च्या आसपास गेला. कंपनीच्या दारात ताटकळत बसण्याची गरज नाही, हे त्या एका रेकॉर्डनं तिथल्या कितीतरी पोरांना दाखवून दिलं.

आपल्याकडे मोठ्या कंपनीच्या जागी सिनेमा आहे. रेडिओ, दूरचित्रवाणी, लग्नाची वरात, गणपतीची मिरवणूक, सगळीकडे सिनेमाचं गाणं. त्यामुळे भारतात इंडी म्हणजे ढोबळमानानं सिनेमाबाहेरचं, स्वतः लिहिलेलं आणि स्वतः वाजवलेलं संगीत. ते लोकांच्या कानांवर पडायचं कुठे, हा प्रश्न इथल्या प्रत्येक बँडला पडला. त्याचं उत्तर बराच काळ एकच होतं: कॉलेजचे महोत्सव आणि एखाददुसरा मोठा रॉक मेळावा.

मुंबईत 1986 साली 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू झाला. धोबी तलावाजवळच्या रंगभवनाच्या खुल्या प्रेक्षागृहात तो भरायचा आणि त्या काळातल्या तरुण मुंबईकरांसाठी ती वर्षातली मोठी पर्वणी असायची. अडचण अशी होती की समोरच्या गर्दीला परदेशी बँडची ओळखीची गाणी हवी असत. स्वतःचं गाणं सुरू केलं की ओरडा सुरू व्हायचा. 1984 साली मुंबईत सुरू झालेल्या रॉक मशीन या बँडनं तरीही स्वतःची गाणी लिहिली आणि 1988 साली 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा अल्बम काढला. पुढे 1993 मध्ये तोच बँड इंडस क्रीड झाला. त्याच वर्षी अमित सैगल यांनी थेट अलाहाबादहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे मासिक काढलं. देशभरातले बँड आपापल्या कॅसेटी त्यांच्याकडे पाठवू लागले. मासिकाच्या लोकांनी 'ग्रेट इंडियन रॉक' हा महोत्सव उभा केला आणि नव्या बँडच्या स्वतःच्या गाण्यांचे संग्रहही काढले. इंटरनेट घरोघरी पोचण्याआधी शिलाँगचा बँड बंगळुरूच्या मुलांना ठाऊक व्हायचा तो अशा माणसांमुळे. आजच्या यादीतली छोटी नावं या लोकांची देणेकरी आहेत, आणि हे फारसं कोणी सांगत नाही म्हणून इथे सांगितलं.

रंगभवनातले हे कार्यक्रम पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे थांबले. मग 2010च्या डिसेंबरात पुण्यात, कोरेगाव पार्क भागात, 'एनएच7 वीकेंडर' भरला. विजय नायर यांच्या ओन्ली मच लाउडर या कंपनीनं तो घडवला. त्याचं वेगळेपण रचनेत होतं. एकाच मैदानावर अनेक स्टेजेस, प्रत्येकाचा बाज निराळा, आणि सगळीकडे जवळपास एकाच वेळी वादन. परदेशात ही पद्धत जुनी आहे, पण आपल्याकडे इतक्या ठसठशीतपणे ती पहिल्यांदा दिसली. तिकीट खपतं मोठ्या नावावर. त्याच तिकिटावर माणूस आत आला की दोन स्टेजेसच्या मधल्या चालण्यात त्याच्या कानांवर पाच अनोळखी बँड पडतात. मोठ्याच्या गर्दीवर छोट्याला श्रोता मिळतो, हा महोत्सवाचा खरा हिशेब आहे.

पुणेकराला हा हिशेब नवा वाटायला नको. भीमसेन जोशींनी 1953 साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवातही सत्र उघडतं ते बहुधा तरुण, तुलनेनं कमी ओळखीच्या गायक-वादकानं, आणि ज्येष्ठ कलाकार शेवटाला बसतात. सत्र उघडतं तेव्हा मंडप अर्धाच भरलेला असतो. पुढे नावारूपाला आलेल्या अनेकांना रसिकांनी पहिल्यांदा ऐकलं ते अशा अर्ध्या मंडपात. 'अमक्याला मी तेव्हाच ऐकलं होतं' असं अभिमानानं सांगणारे जुने सवाईकर प्रत्येकाच्या माहितीत असतील. ते वेळेवर येऊन बसले होते म्हणूनच त्यांना हे सांगता येतं.

दुपारच्या बँडविषयी एक तक्रार नेहमी ऐकू येते: 'आवाज काही जमला नव्हता.' ती खरी असते, पण दोष बहुतेक वेळा बँडचा नसतो. मोठ्या कलाकाराला सकाळी मैदान रिकामं असताना तास-दोन तास साउंड चेक मिळतो. प्रत्येक ड्रम, प्रत्येक माइक सावकाश जुळवून घेतला जातो. छोट्या बँडला आधीचा बँड उतरल्यावर पंधरावीस मिनिटं मिळतात. तेवढ्यात वाद्यं मांडायची, वायरी जोडायच्या आणि प्रत्येक माइकमधून आवाज येतोय एवढंच पाहायचं. याला लाइन चेक म्हणतात. गिटार किती वर, गाणाऱ्याचा आवाज किती पुढे, ही जुळवाजुळव साउंड इंजिनिअर करतो ती पहिलं गाणं चालू असताना, तुमच्यासमोर. म्हणून पहिल्या गाण्यावरून बँडबद्दल मत बनवू नये. दुसऱ्या गाण्यात आवाज बसू लागतो आणि तिसऱ्यात बँडही मोकळा होतो. तिसरं गाणं ऐकून मगच पाय काढायचा, हा माझा नियम आहे आणि तो मी मोडत नाही.

उभं कुठे राहायचं, यालाही महत्त्व आहे. स्टेजला अगदी चिकटून उभं राहिलं तर ड्रमचा आणि गिटारच्या अ‍ॅम्पचा कच्चा आवाज थेट अंगावर येतो आणि शब्द डोक्यावरून जातात, कारण मोठे स्पीकर पुढच्या रांगेच्या पलीकडे रोखलेले असतात. मैदानाच्या मध्यावर एक छोटा मांडव घालून इंजिनिअर आपल्या मिक्सरसमोर बसलेला असतो. तो जे ऐकतो त्यावरूनच सगळं जुळवतो. त्याच्या दोन पावलं पुढे उभं राहा. मैदानातला सगळ्यात नीट आवाज तिथे मिळतो.

यात भौतिकशास्त्राचाही भाग आहे. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. 20 अंश सेल्सिअसला तो सेकंदाला साधारण 343 मीटर असतो आणि प्रत्येक अंशामागे सुमारे 0.6 मीटरनं वाढतो. दुपारी जमीन तापते, तिच्यालगतची हवा गरम होते आणि वरची हवा त्या मानानं थंड राहते. मग ध्वनिलहरीचा खालचा भाग वेगानं पुढे जातो, वरचा मागे राहतो आणि अख्खी लहर वरच्या बाजूला वळते. म्हणजे दुपारच्या बँडचा आवाज लांब उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावरून आकाशात निघून जातो. रात्री जमीन निवते आणि क्रम उलटा होतो. आता लहरी खाली वाकतात आणि दूरवर पोचतात. लांबच्या गावातलं भजन रात्री स्पष्ट ऐकू येतं ते यामुळेही. एकच स्पीकर, एकच ताकद, तरी रात्रीचा मोठा कलाकार भरदार वाटतो आणि दुपारचा बँड पातळ. दुपारी जवळ जाऊन ऐकलं की हा अन्याय बऱ्यापैकी दूर होतो.

अनेक स्टेजेस असलेल्या महोत्सवात एक दुखणं मात्र राहतंच. एक ऐकायला गेलं की दुसरं सुटतं. अशा वेळी माणूस नकळत ओळखीच्या नावाकडे वळतो आणि शोध तिथेच संपतो. हे दुखणं मुळातच नाहीसं केलेला एक महोत्सव आपल्या देशात आहे, आणि नव्या बँडच्या शोधासाठी मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. तो भरतो अरुणाचल प्रदेशात, झिरो खोऱ्यात.

समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंचावरचं हे खोरं आपातानी लोकांचं आहे. भाताच्या खाचरांत साठवलेल्या पाण्यातच मासे वाढवायची त्यांची शेतीपद्धत जगभरचे अभ्यासक येऊन पाहतात. सप्टेंबरच्या अखेरीस भात पिवळं व्हायला लागतं, तेव्हा तिथे चार दिवस संगीत चालतं. 2012 साली तिथलेच बॉबी हानो आणि दिल्लीच्या मेनव्होपॉज या बँडचे गिटारवादक अनुप कुट्टी यांनी झिरो महोत्सव सुरू केला. स्टेज गावातले कारागीर बांबूचं बांधतात. बसायच्या जागा, कमानी, खाण्याचे मांडव, सगळ्यांत बांबू. प्लास्टिक टाळायचा आग्रह पहिल्यापासून आहे.

झिरोत स्टेजेस दोन, एक दिवसाचं आणि एक रात्रीचं. त्यांना आपातानी भाषेतली सूर्याची आणि चंद्राची नावं दिली आहेत. दिवसाचं स्टेज थांबलं की रात्रीचं सुरू होतं. दोन्ही एकदम कधीच चालत नाहीत. ही साधी वाटणारी गोष्ट सगळं बदलून टाकते. समोर जो कोणी गातोय त्याला सगळं मैदान ऐकतं. दुपारी दोन वाजता उभ्या राहिलेल्या बँडला दुसऱ्या स्टेजच्या मोठ्या नावाशी झुंजावं लागत नाही. शिवाय खोरं इतकं आडबाजूला आहे की तिथे आलेला माणूस संध्याकाळपुरता येऊन परत जाऊ शकत नाही. तो तंबूत राहतो, चिखल तुडवतो, पावसात भिजतो आणि दिवसभर ऐकत राहतो. छोट्या बँडला याहून चांगला श्रोता मिळणं कठीण.

तिथे ऐकायला काय मिळतं? सॉनिक यूथ या गाजलेल्या अमेरिकी बँडचे ली रॅनाल्डो आणि स्टीव्ह शेली इथे वाजवून गेले आहेत. पण या महोत्सवाची ताकद ईशान्येतल्या आवाजांत आहे. मणिपूरचे गुरू रूबेन माशांगवा तांगखुल नागांच्या लोकगीतांना ब्लूजची जोड देतात. हे दोन सूर हजारो मैलांवर जन्मलेले, पण त्यांच्या गळ्यात एकत्र आले की उसनवारी कोणती ते सांगता येत नाही. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. झिरोच्या मैदानावर मात्र लोकांनी त्यांना त्याआधीच डोक्यावर घेतलं होतं. अरुणाचलचाच ताबा चाके युकुलेली आणि गिटार घेऊन आपल्या न्यिशी भाषेतही गातो आणि हिंदी-इंग्रजीतही. 2019च्या त्याच्या अल्बमचं नाव 'बॉम्बे ड्रीम्स'. डोंगरातून मुंबईत आलेल्या तरुणाची ती गाणी मुंबईकरानं आवर्जून ऐकावीत. राजस्थानच्या मांगणियार कलाकारांचा बाडमेर बॉइज हा गटही इथे आला आणि दिल्लीचा पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीसुद्धा. 2009 साली सुरू झालेला हा बँड जॅझ, वॉल्ट्झ आणि जुन्या हिंदी सिनेसंगीताची छटा असं काहीतरी विलक्षण मिश्रण करतो. 2019चा त्यांचा 'बिस्मिल्लाह' परदेशातही ऐकला गेला.

मोबाइलवरचं अ‍ॅप अशी यादी तुमच्यासमोर सहसा मांडणार नाही. अ‍ॅप तुम्ही आधी काय ऐकलं ते पाहतं आणि त्याच्यासारखंच पुढचं देतं. गझल ऐकणाऱ्याला गझल, मेटल ऐकणाऱ्याला मेटल. सोय चांगली आहे, मीही वापरतो, पण आवडीचं वर्तुळ त्यानं फारसं रुंदावत नाही. महोत्सवाची यादी एक माणूस करतो. तांगखुल ब्लूजनंतर मांगणियार आणि त्यानंतर दिल्लीचं जॅझ असा क्रम लावायचं धाडस त्याच्यात असतं. त्याच्या कानावर विश्वास ठेवून तासभर उभं राहिलं, की आपल्याला जे आवडेल असं कधी वाटलंच नसतं ते आवडून जातं.

तयारी करायची ती थोडीच. यादी जाहीर झाली की तळाच्या प्रत्येक बँडचं एक गाणं ऐकावं, दोन नव्हे. एका गाण्यातून चव कळते आणि प्रत्यक्ष ऐकताना नवेपणही शिल्लक राहतं. चारपाच जण मिळून गेलात तर वेगवेगळ्या स्टेजेसवर पांगा आणि जेवताना एकमेकांना सांगा. आवडलेल्या बँडचं नाव तिथल्या तिथे टिपून ठेवा. रात्री मोठं नाव ऐकून परतताना दुपारचं नाव हमखास विसरतं.

आणि आवडलं असेल तर खिशात हात घाला. चारपाच जणांनी ड्रम-गिटारसह रेल्वेनं देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं, राहायचं, खायचं, यात छोट्या बँडचं मानधन बहुतेक वेळा संपून जातं. 'प्रसिद्धी मिळेल' एवढ्या भांडवलावर कलाकाराला फुकट वाजवायला लावणारे आयोजकही आहेत, आणि ते मला साफ चुकीचं वाटतं. स्ट्रीमिंगवर एकदा गाणं ऐकल्याबद्दल बँडच्या हाती पडतो रुपयाचा लहानसा अंश. त्या तुलनेत स्टेजमागच्या टेबलावर विकत घेतलेला एक टी-शर्ट किंवा बँडकँप या संकेतस्थळावर पैसे देऊन घेतलेला अल्बम खूप जास्त देऊन जातो. त्या टेबलावर बहुधा बँडमधलंच कोणीतरी बसलेलं असतं. दोन शब्द बोला. गाणं कसं लिहिलं ते विचारा.

मराठी ऐकणाऱ्यानं घरचीही खबर घ्यावी. मुंबईचा अभंग रिपोस्ट संतांचे अभंग गिटार-ड्रमच्या साथीनं गातो आणि तरुण श्रोते त्यावर वारीच्या ओढीनं डोलतात. स्वदेशी या मुंबईच्या हिपहॉप मंडळींनी 2019 साली आरेच्या जंगलासाठी लढणाऱ्या आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्याबरोबर 'द वारली रिव्होल्ट' केलं. पुण्याचा ईझी वाँडरलिंग्ज इंग्रजीत गातो, सुरेल आणि शांत. पणजीत 2016 साली सुरू झालेल्या आणि डिसेंबरात भरणाऱ्या सेरेंडिपिटी कला महोत्सवात विनामूल्य मैफली असतात, त्यांत नवे बँडही वाजवतात. झिरोला जाणं सगळ्यांना जमणार नाही. तिथे जायचं तर गुवाहाटीहून नाहरलगुनपर्यंत रेल्वे, पुढे डोंगरातला रस्ता, आणि अरुणाचलबाहेरच्या भारतीयांना इनर लाइन परमिट लागतं, ते ऑनलाइन काढता येतं. ज्यांना शक्य आहे त्यांनी एकदा जरूर जावं.

बाकीच्यांसाठी आणखी एक वाट आहे, ती आयोजकांच्या हाती आहे. नाशिक, कोल्हापूर, नागपूर, सोलापूर, कुठल्याही शहरात वर्षाकाठी मोठे सांगीतिक कार्यक्रम होतात. स्टेज, स्पीकर, दिवे, इंजिनिअर, सगळं भाड्यानं आणलेलं असतंच. मुख्य कार्यक्रमाआधीचा एक तास गावातल्या, स्वतःची गाणी लिहिणाऱ्या दोन बँडना द्या, त्यांची नावं जाहिरातीत वाचता येतील एवढ्या अक्षरांत छापा आणि त्यांना मानधन द्या. आणि रसिकहो, त्या दिवशी तुम्ही एक तास लवकर या.